नॉर्थ पियरचे नवे अध्यक्ष

मर्ना कोस्की लोकरी टोपी कानांवर ओढून पॅनकेक भाजत होती, याचा अर्थ तळघरातली भट्टी पुन्हा बंद पडली होती. घर गरम ठेवणारी ही भट्टी घराइतकीच म्हातारी. तिचा नवरा लायल नेहमीप्रमाणे खाली जाऊन तिला दोन लाथा घालून आला. एरवी दुसऱ्या लाथेला ती सुरू व्हायची. आज नुसती खोकली आणि गप्प बसली.

"नवीच घ्यायला हवी," मर्ना म्हणाली. "डुलूथचा हिवाळा काही टोपीवर निघायचा नाही."

"घेऊ की!"

"कशातनं? तुझ्या मॅनेजरला, ब्रेंटला, पगारवाढीचं विचारलंस?"

"विचारलं. बाजार मंद आहे म्हणाला."

"गेल्या वर्षीपण मंदच होता ना?"

"माणसाच्या बोलण्यात सातत्य आहे, एवढं तरी मान्य कर."

मर्नाने पॅनकेक जरा जोरातच उलटला. लायल मात्र निश्चिंत होता. लायल कोस्कीचा स्वतःवर विश्वास दांडगा. ओडेगार्ड यांच्या खिडक्या-दारांच्या कारखान्यात माल रवाना करण्याचं खातं तो सांभाळायचा, आणि उभ्या मिनेसोटात एकही काच न तडकता खिडकी पोचवणारा दुसरा माणूस नाही, असं त्याचं ठाम मत होतं. मत चुकीचं नव्हतं. फक्त ते अजून पगारापर्यंत पोचलं नव्हतं.

तेवढ्यात मिनियापोलिसहून मुलीचा, टेसाचा, फोन आला.

"बाबा, नोकरीधंद्याच्या ओळखींची ती साइट आहे ना, तिच्यावर नाव घाला. आमच्या ऑफिसातल्या तिघींचे पगार त्यामुळे वाढले. आपण कोण, काय करतो, हे जगाला सांगायला लागतं. नाहीतर कोण विचारतंय?"

"हे मला पटतं," लायल म्हणाला. आपल्याबद्दल जगाला सांगायची कल्पना त्याला नेहमीच पटायची.

दुपारी तो कॉम्प्युटरपुढे बसला. फोटो म्हणून मर्नाच्या मावसभावाच्या लग्नातला, टाय लावलेला एकमेव फोटो चढवला. कारखान्यातलं काम लिहिलं. ते वाचून त्याला स्वतःलाच काहीतरी कमी वाटलं. मग आठवलं, गेल्याच महिन्यात आपण नॉर्थ पियर कर्लिंग क्लबचे अध्यक्ष झालो की! बर्फावरून गुळगुळीत दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, या खेळावर कोस्की घराण्याचा तीन पिढ्यांचा जीव. त्याने हुद्द्यासमोर ‘अध्यक्ष’ लिहिलं आणि संस्थेच्या रकान्यात ‘नॉर्थ पियर’ टाइप केलं, तोच खाली नावांची रांग उघडली. लायलने पहिल्या नावावर बोट ठेवलं. साइटने नम्रपणे विचारलं, ही आनंदाची बातमी ओळखीच्यांना कळवू का?

"कळवायची नसती तर लिहिली कशाला असती?" लायल तिला म्हणाला आणि बटण दाबून कॉफी प्यायला गेला.

रांगेतलं पहिलं नाव होतं ‘नॉर्थ पियर शिपिंग’. गावालगतच्या मोठ्या सरोवरात लोहखनिजाने भरलेली अजस्र जहाजं फिरवणारी कंपनी. कर्लिंग क्लब तिच्या खाली होता.

सोमवारी सकाळपासून अभिनंदनांचा पाऊस सुरू झाला. दातांच्या डॉक्टरने अभिनंदन केलं. पाळकसाहेबांनी फोन करून आधी अभिनंदन केलं, मग चर्चच्या गळक्या छपराचा विषय काढला. "आता तुमच्यासारख्या माणसानंच पुढं व्हायला हवं," ते म्हणाले, आणि लायलने छातीवर हात ठेवून शब्द देऊन टाकला. गेले तीन आठवडे ‘बघतो, येतो’ म्हणणारा भट्टीवाला गस दुपारी आपणहून दारात उभा.

"कोस्कीसाहेब, तुमच्या हुद्द्याला शोभेल अशी भट्टी आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "पैशांचं काय, सावकाश द्या."

"बघितलंस?" गस गेल्यावर लायल बायकोला म्हणाला. "क्लबच्या अध्यक्षाला या गावात मान आहे!"

"मागच्या अध्यक्षाला तर कुत्रं विचारत नव्हतं," मर्ना म्हणाली.

"मागचा अध्यक्ष लायल कोस्की नव्हता."

मर्नाने टोपी आणखी खाली ओढली.

मंगळवारी ब्रेंटने त्याला केबिनमध्ये बोलावलं. ब्रेंट कारखान्याचा मॅनेजर, लायलपेक्षा दहा वर्षांनी लहान. तरी आजवर "अरे लायल, इकडे ये" याच सुरात बोलणारा. आज तो उठून उभा राहिला आणि त्याने दार स्वतः लावलं.

"या, या. बसा ना! कॉफी घेणार तुम्ही?"

लायलने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. म्हणजे ‘तुम्ही’ तोच होता.

"घेईन की," तो म्हणाला आणि ऐसपैस बसला.

"बातमी वाचली. एवढा मोठा कारभार, आणि आम्हाला पत्ताच नाही!"

"कारभार मोठाच आहे," लायल म्हणाला. "पण माणसं चांगली आहेत, निभतं."

"पण मग हिवाळ्यात कसं करता? बर्फाचा त्रास होत असेल ना?"

"त्रास? अरे, बर्फ तर हवाच! बर्फ नीट जमला नाही तर आमचा सगळा खेळच बंद."

बर्फात जहाजं चालवण्याची ही कुठली नवी तऱ्हा, हे ब्रेंटला कळेना. पण मोठी माणसं वेगळा विचार करतात, म्हणूनच ती मोठी होतात, हे त्याने नुकतंच कुठेतरी वाचलं होतं. त्याने मान डोलावली. मग खुर्ची पुढे ओढून आवाज उतरवला.

"लायल, आपल्यातच ठेवा. तुमच्याकडे माझ्यासारख्याला काही जागा निघेल का?"

लायलला भरून आलं. इतकी वर्षं याला क्लबात ओढायचा प्रयत्न करून तो थकला होता.

"निघेल का म्हणजे? ये की! झाडू मारणारे आम्हाला कायम कमी पडतात."

ब्रेंटने खुर्ची पुन्हा मागे घेतली. "झाडू?"

"सुरुवात सगळ्यांची झाडूपासूनच. आमच्याकडे एक जजसाहेब आहेत, तेसुद्धा अजून झाडूच मारतात. पण काय मारतात!"

"कमाल आहे," ब्रेंट पुटपुटला. "म्हणूनच तुमची कंपनी एवढी पुढे गेली."

लायलला वाटलं, आपण क्लबातल्या गप्पांच्या कंपनीबद्दल बोलतोय. त्याने मनापासून हो म्हटलं.

जाताना ब्रेंट म्हणाला, "साइटवर तुमच्याबद्दल दोन शब्द लिहितो. तेवढंच माझ्याकडून."

त्याने लिहिले ते दोन शब्द संध्याकाळपर्यंत अख्ख्या डुलूथने वाचले: ‘लायल कोस्की यांच्याबरोबर काम करण्याचं भाग्य मला लाभलं. आमचा कारखाना चालला तो त्यांच्यामुळे. त्यांच्या योग्यतेच्या निम्मा पगारसुद्धा आम्ही त्यांना देऊ शकलो नाही, ही खंत मला जन्मभर राहील.’

लायलने ते मर्नाला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचलं आणि चष्मा पुसला.

"ब्रेंटनं लिहिलंय हे? तब्येत बरी आहे ना त्याची?"

बुधवारी कारखान्याच्या मालकीणबाईंनी लायल आणि ब्रेंट दोघांना बोलावणं पाठवलं. ओडेगार्डबाई ऐंशीच्या पुढच्या. कारखान्यात क्वचित यायच्या, पण रोज सकाळी न चुकता साइट वाचायच्या. आज त्या आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे टॅबलेट होता.

"लायल, बस. नॉर्थ पियर शिपिंगची अध्यक्ष माझी भाची आहे. काल रात्री तिचा फोन आला. तिला विचारायचं होतं, की तिच्या खुर्चीवर बसलेला हा कोस्की कोण."

"शिपिंग?" लायल म्हणाला.

बाईंनी टॅबलेट त्याच्याकडे वळवला. लग्नातल्या टायमधल्या त्याच्या फोटोखाली एक लांबलचक जहाज उभं होतं. दोन दिवसांतली सगळी अभिनंदनं, पाळकसाहेब, गस, ते ‘तुम्ही’, सारं एकदम लायलच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याचे कान लाल झाले. नवी भट्टी राहू दे, आता जुनी नोकरी तरी राहील का, हा विचार आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मनात आला.

"मॅडम, मी कर्लिंग क्लबचा अध्यक्ष आहे," तो म्हणाला. "खोटं सांगायचं नव्हतं मला. बोट चुकीच्या नावावर पडलं. आत्ता खोडतो."

"कर्लिंग?" ब्रेंटचा आवाज चिरकला. "म्हणजे तो झाडू…"

"कसला झाडू?" बाईंनी विचारलं.

ब्रेंटचा चेहरा खिडकीच्या काचेसारखा आरपार झाला. काल केबिनमध्ये त्याने काय मागितलं, हे सांगायला लायलला एक वाक्य पुरलं असतं. लायलने त्याच्याकडे पाहिलं.

"क्लबात यायचं म्हणतोय तो, मॅडम. झाडू मारायला शिकायचंय त्याला."

ब्रेंटने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"चांगलंय. व्यायाम होईल," बाई म्हणाल्या. "चूक कुणाचीही होते, लायल. भाची तर हसून लोळली. मी बोलावलं ते दुसऱ्याच कारणासाठी." त्यांनी चष्मा सारखा केला आणि ब्रेंटचे शब्द सावकाश, एकेक करून वाचले. "ब्रेंट, हे तू लिहिलंस. खरं आहे की खोटं?"

ब्रेंटने छताकडे पाहिलं, मग बुटांकडे. खोटं म्हणावं, तर सगळ्या गावापुढे लबाड ठरतो. खरं म्हणावं, तर…

"तसं… म्हणजे… खरंच आहे, मॅडम."

"निम्मासुद्धा नाही? आणि मला दर वर्षी सांगतोस, सगळे खूश आहेत." बाई लायलकडे वळल्या. "तुझं काय म्हणणं आहे?"

लायलचा आत्मविश्वास एव्हाना पूर्ववत झाला होता.

"माझ्या हातून झालेली चूक मी खोडतो, मॅडम," तो म्हणाला. "पण ब्रेंटनं लिहिलंय ते खोडायचा अधिकार मला नाही."

बाई हसल्या. पगार काही त्यांनी दुप्पट केला नाही, ओडेगार्ड घराण्याची ती रीत नव्हती. पण जेवढा वाढवला तो आकडा ऐकून लायलने खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढच्या आठवड्यात गसने भट्टी बसवली. ती हुद्द्याला शोभणारी नव्हती, घराला शोभेल अशी साधीच होती. मर्नाने टोपी काढून खुंटीला लावली. चर्चच्या छपरासाठी लायलने स्वतःच्या हातांनी चार फळ्या ठोकून दिल्या. पाळकसाहेबांनी त्याही गोड मानून घेतल्या.

ब्रेंट खरोखरच क्लबात यायला लागला. दुसरा इलाजच नव्हता. पहिल्या संध्याकाळी तीनदा पडला, पण नेटाने झाडू मारत राहिला. घरी निघताना त्याने लायलला दाराशी गाठलं. बर्फावर ‘तू’ म्हणावं की ‘तुम्ही’, हे अजून त्याचं ठरत नव्हतं.

"लायल, ते… माझ्याबद्दलही साइटवर एखादी ओळ लिहिता आली तर… मालकीणबाई वाचतात ना रोज."

"लिहितो की! त्यात काय?"

घरी येऊन लायल कॉम्प्युटरपुढे बसला. खोटं लिहायचं नाही, आणि माणसाला दुखवायचंही नाही, म्हणून बराच वेळ विचार करत राहिला. मर्ना दोनदा डोकावून गेली. शेवटी त्याने एकच वाक्य लिहिलं:

‘ब्रेंटच्या हाताखाली काम केलं की माणसाला आपली खरी किंमत कळते.’

दुसऱ्या दिवशी ब्रेंटने ते छापून, चौकटीत घालून केबिनच्या भिंतीवर लावलं.