ह्याचं बटण कुठं हाय?

अठ्ठावीस मे. माळा आवरणे.

महाडमध्ये हे काम लोणच्याइतकंच नेमाचं आहे. सावित्री नदी एकदा घरात येऊन गेली की माणूस शहाणा होतो. मे संपायच्या आत तळमजल्यावरचं जे जे भिजेल ते ते वर चढवायचं. गाद्या, मुलांची सर्टिफिकिटं, पिठाचे डबे, देवाची पेटी. पण वर चढवायचं तर आधी वरचं जुनं खाली काढून जागा करावी लागते. मी शिडीवर होते आणि शिडी धरायला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा होते. निदान सुरुवातीला तरी होते. मी सासऱ्यांचा जुना रेडिओ-ॲम्प्लिफायर त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी शिडी सोडली. मी माळ्याच्या कडेला एका हाताने लोंबत होते. अण्णा त्या खोक्यावरची धूळ स्वतःच्या सदऱ्याने पुसत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "ह्याचं बटण कुठं हाय?"

मला राग आला नाही, कारण हा प्रश्न मी फार दिवस ऐकत आले आहे. कुणी नवा टीव्ही घ्या, साउंडबार घ्या, पोरीच्या लग्नात जावयाला होम थिएटर द्या. लोक किंमत विचारतात, कंपनी विचारतात. अण्णा बटण विचारतात. नुसतं विचारून थांबत नाहीत, शोधतात. आमच्या डॉक्टरांच्या वास्तुशांतीला हातातलं तीर्थ पिऊन झाल्यावर ते नव्याकोऱ्या पांढऱ्या लेंग्यानिशी टीव्हीच्या कपाटामागे पालथे झाले. बायकांना वाटलं चक्कर आली. डॉक्टर ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन धावले. तेवढ्यात कपाटामागून आवाज आला, "मागं हाय. तेपण डावीकडं. डॉक्टर, तुमचे पैशे पाण्यात."

अण्णा मूळचे पोलादपूर तालुक्यातले, उमरठजवळच्या एका वाडीचे. नोकरी मुंबईला, फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमनची. सगळा जन्म एका स्टुलावर गेला. समोर पितळी बटणांची पट्टी, कोपर वाकवलं की बोट बटणावर, बघायची गरज नाही. अशा माणसाला निवृत्तीनंतर वाटलं, की आपण बाहेर आलो आणि लोकांनी मुद्दाम सगळी बटणं लपवून ठेवली, तर त्यात काही नवल नाही. त्यांची बायको मुंबईत नातवंडांकडे असते. अण्णा तिथे राहून पाहून आले. मुलाच्या बिल्डिंगमधली लिफ्ट स्वतःच बोलते, तिला माणूस लागत नाही, हे त्यांना सहन झालं नाही.

भेटल्यावर ते "कसं काय" म्हणत नाहीत. "वर, का खाली?" विचारतात. तब्येत असो, धंदा असो, सुनेशी चाललेलं असो, उत्तर एका शब्दात द्यायचं. मधला मजला त्यांना चालत नाही. माझं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनचं बटण पुढे आहे म्हणून अण्णांच्या लेखी माझ्यासारखी व्यवहारी बाई तालुक्यात नाही. मीही त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

कुणाला वाटेल माणूस मोठा कारागीर असणार. मुळीच नाही. अण्णांना साधा स्क्रू पिळता येत नाही. एकदा त्यांनी स्वतःच्या रेडिओच्या मागच्या बटणाला सुतळी बांधून ती पुढे आणली, ओढली की चालू व्हावा म्हणून. ओढली. रेडिओ फळीवरून निघाला आणि थेट भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत गेला. "कल्पना बरोबर होती," ते म्हणाले, "बादली चुकीच्या जाग्यावर."

महाडच्या बोर्डांवर तर त्यांचा विशेष राग. पूर येऊन गेल्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांनी विजेचे बोर्ड भिंतीवर वर नेले. इतके वर, की आता दिवा लावायला प्रत्येक खोलीत एक लाटणं ठेवावं लागतं. पोळ्यांचं वेगळं. अण्णा त्या लाटण्यांकडे बघून मान हलवतात. "नदी वर्षातनं एकदा येणार, तीपण आली तर. माणूस रोज हितंच हाय. बोर्ड कुणाच्या सोयीचा?"

हे सगळं इतके दिवस करमणूक म्हणून चाललं होतं. गेल्या दिवाळीपासून त्याला ताप चढला. कारण आक्का.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. वाडीवर एकटी राहते. डोळे हळूहळू गेले, आता उजेड-अंधार एवढंच कळतं. तिच्या खाटेशेजारी धान्याच्या कोठीवर एक जुना रेडिओ होता. पुढे गोल बटण, फिरवलं की टक्, आणि चालू. दिवाळीत उंदरांनी तो आतून खाल्ला. आक्काच्या मुलाने मुंबईहून ताबडतोब मोठं होम थिएटर पाठवलं. त्याचं मुख्य बटण मागे, भिंतीकडे. पुढे नुसती गुळगुळीत काच, तिच्यावर बोट लावायचं. "बोट लावलं की चालू, माशी बसली की बंद," अण्णा म्हणाले. शिवाय चालू केलं की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगते. आक्काचं तिच्याबद्दल एकच म्हणणं, की बाई सारखी येते नि जाते, बसत काय नाय. मुलगा फोनवर विचारतो, आवाज कसा आहे. आक्का सांगते, लय भारी. आणि घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसलाच आवाज नाही.

मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीच जाऊन का राहत नाही तिच्याकडे?"

"ठिवून घेत नाय," अण्णा म्हणाले. "दोनदा गेलो, दोनदा हाकललान."

दिवाळीपासून अण्णा आक्कासाठी सेट शोधत होते. तिला एकटीला, न बघता, कुणाला हाक न मारता लावता येईल असा. बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन ते डोळ्यांवर टॉवेल बांधत आणि "आता लावतो" म्हणून पुढे हात करत. त्यात एकदा दुकानदाराचा चष्मा पडला, एकदा शेजारच्या फ्रीजचं दार उघडलं. दुकानदार बिचारा सांगे, "काका, रिमोट आहे ना."

"रिमोट कुठं पडलाय ते शोधायला दुसरा रिमोट देता काय?"

आता त्यांना लांबून येताना पाहिलं की दुकानदार जेवायला जातो. सकाळचे दहा वाजले असले तरी.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पूर्वी रोज सकाळी अण्णा फोन हातात धरून वरच्या गॅलरीत उभे असायचे. फोन वाजायचा. उचलायचे नाहीत. मी खालून ओरडायचे, "अण्णा, फोन."

"वाजू दे," ते म्हणायचे, आणि आनंदाने आत जाऊन चहा ठेवायचे. दिवाळीनंतर तो फोन वाजायचा बंद झाला. अण्णा उभे मात्र राहायचेच. मग बऱ्याच वेळाने स्वतःच कुणाला तरी फोन लावायचे, "उठली काय?" एवढंच विचारायचे. मी चौकशी केली नाही. मला दुकान उघडायचं असतं.

तर अठ्ठावीस मेला अण्णांनी सासऱ्यांचा सेट माझ्या ओट्यावर ठेवला. लाटण्याने बोर्ड चालू केला. खांद्यावरच्या टॉवेलची घडी डोळ्यांवर बांधली आणि हात पुढे केला. बोट सरळ त्या मोठ्या गोल बटणावर गेलं. टक्. आधी धूळ जळल्याचा वास, मग मोठी घरघर, आणि मग एक माणूस आंब्यावरच्या कीडनियंत्रणाविषयी बोलू लागला.

अण्णांनी टॉवेल काढला. बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. "बटण समोर," ते म्हणाले. "विषय संपला."

मी वाट पाहिली. ते मागतील असं वाटलं होतं. पण अण्णांनी सेट पुसला, वायरची नीट गुंडाळी केली, पोटाशी धरला आणि शिडीची पहिली पायरी चढले.

"कुठे निघालात?"

"वर ठिवतो. तुमच्या सासऱ्यांची आठवण हाय."

"सासरे त्याच्यावर क्रिकेट ऐकायचे आणि आम्हाला शिव्या द्यायचे. आठवण माझ्याकडे भरपूर आहे. सेट गाडीत ठेवा."

गाडी मीच चालवते. अण्णा पुढे बसले, सेट मागे. पट्टा त्यांनी स्वतःला लावला नाही, सेटला लावला. पोलादपूर सोडून आत वळल्यावर ते सारखे मागे वळून सेट बघू लागले. वाडीच्या अलीकडे म्हणाले, "आवडला नाय तर?"

"तर परत आणू."

"तुमाला आक्का म्हायती नाय."

वाडीवर बहुतेक घरांना कुलूप. माणसं मुंबईत. आक्काचं घर ओढ्याच्या अलीकडे, आणि पलीकडे शेजारीण पारूचं, एवढीच दोन दारं उघडी. आक्का पडवीत तांदूळ निवडत होती, बोटांनी. पावलं ऐकूनच म्हणाली, "आलास? कशाला हात लावू नको."

घरात शिरले आणि मी वर बघतच राहिले. बोर्ड थेट वाशाला टेकला होता. डोंगरावर, जिथे पाणी यायचं तर आधी सगळं महाड बुडायला हवं.

"वायरमन महाडचा होता," अण्णा खाली मान घालून म्हणाले.

दिवे पारू येऊन लावते-मालवते, आणि बोर्ड लागलाच तर आक्का काठीने चाचपून दाबते, असं कळलं. माझ्या गाडीत एक्स्टेन्शन बॉक्स होता. पारूला हाक मारून वायर वरून खाली घेतली आणि बॉक्स खाटेच्या पायाला घट्ट बांधला. तोवर भावंडांचं भांडण जुंपलं होतं. अण्णांना सेट खिडकीपाशी टेबलावर हवा होता, कोपराच्या उंचीवर.

"कुणाच्या कोपराच्या?" आक्का म्हणाली. "बाय, हा आला ना, की माझं घर हरवतं गो. गेल्या टायमाला सोयीचं म्हणून तांब्या खाली ठिवलान. मी रातभर तहानेली. कोठीवर ठेव. माझा हात जिथं जातो तिथं ठेव, तुझा नको."

सेट कोठीवर गेला. अण्णा शिक्षकासारखे उभे राहिले. "आता डोळे मीट, नि लाव."

"मिटले काय नि उघडे ठिवले काय," आक्का म्हणाली, "तुझ्याच लक्षात राहत नाय."

तिने हात बाजूला नेला. बोटं आधी कोठीच्या कडेवर, मग लाकडावर, मग बटणावर. टक्. घरघर झाली आणि कुठलंसं भजन लागलं. आक्काने आवाज वाढवला. आणखी वाढवला. कौलं थरथरतील इतका.

"बहिरी झालीस काय गो?" अण्णा ओरडले.

"मला नाय. पलीकडं आवाज जायला पायजे."

पारू एव्हाना ओढा ओलांडून आपल्या अंगणात पोचली होती. तिने मान वर करून ऐकलं, कमरेचा फोन काढला. आणि इथे अण्णांच्या खिशात फोन वाजला.

अण्णांनी उचलला नाही. भिंतीकडे तोंड करून ते त्या वरच्या बोर्डाचं निरीक्षण करू लागले. बराच वेळ करत राहिले. सकाळचा फोन म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. तो जुना रेडिओ वाजला की पारूला कळायचं आक्का उठली, आणि पारूच्या मिस कॉलने महाडला अण्णांना कळायचं. मगच त्यांचा चहा.

मी हळूच म्हटलं, "आक्कांना माहीत आहे का हे?"

"नाय नाय. तिला सांगू नका. म्हणंल, माझ्यावर पहारा ठिवतो."

"मला पारू सगळं सांगते रे," आक्का खाटेवरून म्हणाली. तिचा हात अजून बटणावरच होता. "तुझा चहा अडतो म्हणून तर सकाळचा लावायची मी. मला कुठं भजनाचं एवढं याड हाय?"

 अण्णा बाहेर जाऊन गाडी पुसू लागले. स्वच्छ होती.

निघताना त्यांनी पारूला माझा नंबर दिला. मी विचारलं, कशाला. "सेट तुमचा," ते म्हणाले. "मंग मिस कॉलपण तुमच्या हक्काचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गॅलरीत फोन वाजला आणि बंद झाला. लगेच माझा वाजला. मी कुणाचाही फोन एका रिंगमध्ये उचलणारी बाई आहे. हा वाजू दिला. मग चहा ठेवला, एक कप वर गॅलरीत पाठवायला म्हणून जास्त, आणि माळ्याला शिडी लावली. अर्धं सामान अजून खालीच होतं.