पाऊस थांबेपर्यंत, पुलाखाली

भिजणे ही नैसर्गिक क्रिया असून न भिजणे ही सामाजिक जबाबदारी आहे. चारचाकीवाले ती काच वर करून पार पाडतात, पायी चालणारे छत्री उघडून पार पाडतात आणि मोटारसायकलवाले पुलाखाली उभे राहून पार पाडतात. यातलं तिसरं काम सगळ्यांत अवघड, कारण त्यात काहीच करायचं नसतं आणि ते फार वेळ करायचं असतं.

मोटारसायकलला छप्पर नसतं, ही गोष्ट ती विकत घेताना कुणाच्या डोक्यात येत नाही. गिऱ्हाईक ॲव्हरेज विचारतं, रंग विचारतं, आरशात स्वतःचे केस बघून घेतं. छप्पर कुठाय, असं विचारणारा माणूस अजून शोरूममध्ये आलेला नाही. (मी जितक्या लोकांना ओळखतो त्यांपैकी शंभर टक्के.) पाऊस आला की मात्र प्रत्येक जण चमकून वर बघतो, जणू सकाळपर्यंत छप्पर होतं आणि आत्ताच कुणीतरी काढून नेलं.

रेनकोट घाला, असं सांगणारे लोक बहुतेक घरात बसलेले असतात. रेनकोट घालण्यालाही एक पद्धत आहे. थेंब पडायला लागले की "भुरभुर आहे, जाईल" म्हणून तो घालायचा नाही. पावसाने जोर धरला की "पुढे आडोसा बघून घालू" म्हणून घालायचा नाही. आडोसा मिळेपर्यंत बनियनसुद्धा चिंब झालेलं असतं, आणि मग "आता घालून काय उपयोग?" या प्रश्नावर भल्याभल्यांना उत्तर सुचत नाही. माझा रेनकोट मला लग्नात भेट मिळालेला आहे. अजून कोरा करकरीत आहे, पाण्याचा थेंब म्हणून लागू दिलेला नाही.

तर सांगायचं होतं ते मेहुण्याबद्दल.

आमचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मुलगा हुशार, सालस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. इतकी वर्षं नोकरीसाठी अर्ज करकरून बिचाऱ्याची टाळू उघडी पडायला आली होती. यंदा वयाची मर्यादा संपत होती. यंदा नाही तर कधीच नाही. आणि देवाच्या दयेने यंदाच त्याची निवड झाली. पद होतं सहायक पर्जन्यमापकाचं. ऑफिसच्या अंगणात एक भांडं ठेवलेलं असतं, त्यात किती पाऊस साठला ते रोज सकाळी बघायचं आणि आत येऊन साहेबांना सांगायचं. कायमची नोकरी, पंख्याखाली खुर्ची. अट एकच. ठरलेल्या मुदतीत, मूळ प्रमाणपत्रांसह, स्वतः हजर व्हायचं. शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत हजर न झाल्यास प्रतीक्षायादीतला पुढचा उमेदवार घेतला जाईल.

मुदत चांगली आठवड्याची होती. पण एक दिवस ढग होते, एक दिवस वारा होता, एक दिवस नुसतीच शंका होती. शेवटच्या दिवशी लख्ख ऊन पडलं, म्हणून निघायचं ठरलं.

"अहो, त्याला एकट्याला सोडू नका," बायको म्हणाली. "तो जिथे उभा राहतो तिथेच उभा राहतो. तुम्ही स्वतः नेऊन पोचवा."

मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली, मेहुण्याला मागे बसवलं आणि निघालो. अर्ध्या वाटेत आभाळ भरून आलं आणि पावसाने आम्हाला गाठलं. प्रमाणपत्रांची फाइल भिजली तर सगळंच मुसळ केरात, म्हणून मी तत्काळ निर्णय घेतला. पिशवीतून रेनकोट काढला आणि फाइलला घातला. मग समोरचा उड्डाणपूल दिसला तसा गाडी त्याच्याखाली घातली.

पुलाखाली उभं राहिलेल्या मोटारसायकलवाल्यांना गर्दी म्हणणं चूक आहे. ती एक संस्था आहे. आधी आलेले मधल्या कोरड्या भागात असतात, नंतर आलेले कडेला शिंतोडे खातात. मधले लोक कडेच्यांकडे थोड्या तुच्छतेने बघतात, कारण कडेचे भिजून आलेले असतात आणि मधले त्यांच्यापेक्षा पाच मिनिटं कमी भिजलेले असतात. नवा माणूस आत घुसला की सगळे गाड्या पुढेमागे करून जागा देतात, पण मनापासून कुणीच देत नाही. बोलणी ठरलेली असतात.

"कमी झालाय का?"

"झालाय, पण आहे."

"पाच मिनिटांत जाईल हा."

"जाईल, जाईल. कुठे जातोय?"

खरी शिस्त दिसते ती कुणी निघाला तर. तो किक मारतो तेव्हा सगळे त्याला तोंडभर "सांभाळून हं" म्हणतात, आणि मनात एकच इच्छा धरतात की आता पाऊस वाढावा. तो खरंच वाढला तर पुलाखाली जे समाधान पसरतं, ते मी घरच्या कार्यातही पाहिलेलं नाही.

आमच्या पुलाखालच्या संस्थेचे अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना कुणी निवडलं नव्हतं. त्यांनी "शांतता!" म्हटलं, आणि सगळे शांत झाले, झालं. सर म्हणाले, "प्रत्येक जण हात बाहेर काढून बघतोय आणि प्रत्येकाचा पाऊस वेगळा. अशाने मेळ बसायचा नाही. एक हात ठरवा." एका शिंप्याचा हात ठरला, कारण कापडाला नुसतं बोट लावून तो पोत सांगायचा. शिंपीकाकांनी तिसऱ्या खांबाजवळ उभं राहायचं, दर थोड्या वेळाने तळहात बाहेर काढायचा, आणि थेंब लागला तर "आहे", न लागला तर "नाही" असं सांगायचं. "आहे" म्हटल्यावर कुणी निघायचं नाही. आणि काकांचा निकाल मागच्या रांगांपर्यंत मोठ्याने पोचवायला एक चिटणीस हवा होता. मेहुण्याचा आवाज खणखणीत आहे. मीच त्याचं नाव सुचवलं. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी पदावर बसलं, तेही एकमताने. ऊर भरून आला माझा.

तेवढ्यात एक बाई जुन्या मोटारसायकलवरून आत आली. डोक्यावरचं हेल्मेट तिने काढलंच नाही, म्हणून तिचं नाव हेल्मेटवाली पडलं. पाण्याने नुसती निथळत होती. तिने पोटाशी धरलेले कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि मला विचारलं, "दादा, पर्जन्यमापन कार्यालय कुठून जवळ पडेल?"

मी तिला जवळचा रस्ता सांगितला. डावीकडे वळा, गिरणीच्या मागून आत शिरा, सिग्नल लागतच नाही. मदत करायला आपलं काय जातं?

"आम्हालाही तिकडेच जायचंय," मेहुणा म्हणाला.

"मग चला की!"

"पाऊस थांबला की निघतो."

"अहो, पाऊस मोजायचं ऑफिस ना ते?" ती हसली आणि तशीच भर पावसात निघाली. सगळे तिला "सांभाळून हं" म्हणाले. पाऊस वाढला. शिंपीकाकांचा हात बाहेर गेला आणि मेहुण्याने खणखणीत आवाजात "आहे!" म्हणून सांगितलं. मंडळी सुखावली.

नंतर काय झालं ते मी जसं घडलं तसं सांगतो. बाहेर उजेड वाढला. मग ऊन पडलं. रस्त्यावरची डबकी चमकायला लागली, एक कुत्रं भर रस्त्यात येऊन अंग वाळवत पसरलं. समोरच्या गच्चीवर एका बाईने धुणं वाळत घातलं. पण काकांनी तळहात बाहेर काढला की तळहातावर थेंब पडायचाच, टप्पकन.

"आहे," काका म्हणायचे.

"आहे!" मेहुणा ओरडायचा.

एक पायी जाणारा माणूस थांबला. आमच्याकडे बघितलं, वर बघितलं, म्हणाला, "अहो, पाऊस कधीच गेला! हे वर पुलाच्या फटीत साठलेलं पाणी गळतंय. हात जरा इकडे धरा."

सर म्हणाले, "हात तिसऱ्या खांबापाशीच धरायचा, असं ठरलेलं आहे."

"पण तिथेच गळतंय ना!"

"तुम्ही पायी चालणारे," एक विमा एजंट म्हणाला, "तुम्हाला मोटारसायकलवरचा पाऊस काय कळणार?"

तो माणूस कपाळावर हात मारून निघून गेला. सरांनी त्यानंतर एक छोटंसं भाषण केलं. डोळ्यांना दिसतं ते दृश्य, हाताला लागतो तो पुरावा, असा त्याचा मथितार्थ होता. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मेहुण्याने माझी बाही ओढली. "भाऊजी, चार वाजून गेले. निघू या ना. मला भीती वाटतेय."

"अरे, चिटणीसच निघाला तर बाकीच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" मी म्हणालो. "आणि समज, निघालो आणि आला! फाइल भिजली तर?"

"फाइलला रेनकोट आहे."

"आणि तू? ओलाचिंब जाऊन साहेबांसमोर उभा राहणार? लोक काय म्हणतील?"

त्याने बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. लहानपणापासून त्याला मोठ्यांचं ऐकायची सवय आहे. काकांचा हात बाहेर गेला, थेंब पडला, आणि पोराने रडवेल्या आवाजात का होईना, "आहे" म्हणून सांगितलं. कर्तव्यात त्याने कसूर केली नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन.

बायकोचा फोन आला. "पोचलात का?"

"पोचतोच आहोत."

"तिकडे पाऊस आहे का हो? इकडे कडक ऊन आहे."

"इकडे आहे," मी म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

शेवटी पुलाच्या फटीतलं पाणी संपलं. काका "नाही" म्हणाले. मेहुण्याने जो "नाही!" ठोकला तो पार पलीकडच्या रस्त्यापर्यंत गेला. सगळ्यांनी एकदम किका मारल्या. कुणी कुणाला "सांभाळून हं" म्हटलं नाही. आम्ही गिरणीच्या मागून, सिग्नल न लागणाऱ्या रस्त्याने सुसाट गेलो. कपडे कोरडे, फाइल कोरडी, रेनकोट कोरडा. ऑफिसच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा शिपाई कडी लावत होता.

हातापाया पडून आत गेलो. साहेबांसमोरच्या खुर्चीत हेल्मेटवाली बसली होती. हेल्मेट आता टेबलावर होतं. खुर्चीखाली पाण्याचं तळं साचलं होतं आणि शिपायाने तिच्या अंगावर खिडकीचा पडदा पांघरायला दिला होता. प्रतीक्षायादीत पहिलं नाव तिचंच होतं. पाचच्या ठोक्याला पहिला उमेदवार हजर नाही म्हटल्यावर साहेबांनी तिला घेतलं होतं. ती भर पावसात येऊन पोचली तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "बाहेर पाऊस किती आहे?" तिने टेबलावरचा मापाचा पेला उचलला, गळ्यातला स्कार्फ त्यात पिळला आणि पेला साहेबांपुढे सरकवला. साहेब म्हणाले, इतक्या वर्षांत पाऊस ऑफिसात आणून दाखवणारा माणूस पहिल्यांदा बघितला.

मी साहेबांना आमची बाजू समजावून सांगितली. मुलगा प्रामाणिक आहे, जबाबदार आहे, आज दुपारभर पावसाचंच काम बघत होता. साहेब माणूस भला. त्यांनी मेहुण्याला जवळ बोलावलं. "ठीक आहे. तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. आज पाऊस किती वेळ पडला?"

मेहुणा ताठ उभा राहिला. "साहेब, तीनपासून पावणेपाचपर्यंत. अखंड."

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. खिडकीला पडदा नव्हताच, त्यामुळे ऊन थेट टेबलावर आलं होतं. "सव्वातीनला थांबला," हेल्मेटवाली हळूच म्हणाली. तिलाही वाईट वाटलं असावं. साहेबांनी फाइल न उघडताच परत केली.

परतीच्या वाटेवर मेहुणा माझ्या मागे बसून रडला. मोठा माणूस, पण लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. "भाऊजी, मला ऊन दिसत होतं हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. माझ्या शर्टाची पाठ भिजली. वाईट वाटलं, अगदी पोटातून वाईट वाटलं. बायको दारातच उभी होती. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं, भावाला आत घेतलं, आणि माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मेहुणा आता पुलाखालच्या संस्थेचा कायमचा चिटणीस आहे. आभाळ भरून आलं की जेवण टाकून जातो. काम मन लावून करतो, सर त्याच्यावर खूश आहेत. सभासदांची संख्या वाढते आहे. प्रवेशाची अट एवढीच, की त्या माणसाला त्या वेळी दुसरीकडे कुठेतरी पोचणं अत्यंत गरजेचं असलं पाहिजे.

तुम्ही हसताय. हसा. मेहुणा भोळा, सर हट्टी, मी मूर्ख, आणि तुम्ही आमच्यासारखे नाही, हे मान्य. फक्त एक विचारतो. आज सकाळपासून ज्या कामाला "निघतो, निघतो" म्हणताय, ज्या माणसाला "येतोच" म्हणून सांगितलंय, त्याचं काय झालं? हे वाचायला घेतलंत तेव्हा "एवढं संपलं की उठतो" असंच म्हणाला होतात ना? संपलं. आणि तुम्ही अजून बसलेलेच आहात.