नकारभाऊ आणि पुलाचा प्रश्न

"वीस वर्षं उत्तरं लिहितोय. माझ्या एका तरी उत्तरातून कुणाला काही कळलं असेल, तर दाखवा!" असं नकारभाऊ कचेरीत छाती फुगवून सांगत. खासदारांनी सभागृहात विचारायचं, "अमुक काम रखडले, हे खरे आहे काय? असल्यास, कारणे काय?" आणि मंत्र्यांनी वाचून दाखवायला भाऊंनी लिहून द्यायचं, "हे खरे नाही. त्यामुळे कारणांचा प्रश्न उद्भवत नाही." एवढ्यावर भाऊंचा संसार चालला होता, आणि झकास चालला होता.

घरात मात्र त्यांचे वडील, अण्णा, आठ महिने एकच धोशा लावून बसले होते. अण्णा गणिताचे निवृत्त मास्तर. रेल्वेच्या रुळांपलीकडे त्यांचा उरलेला एकुलता एक मित्र, त्याच्याकडे अर्धवट राहिलेला बुद्धिबळाचा डाव, आणि मधला पादचारी पूल दुरुस्तीसाठी बंद! फाटकावरून वळसा घालायला गुडघे तयार नव्हते.

"तुझंच खातं ना रे ते? विचार की कुणाला तरी!"

"अण्णा, मी विचारत नाही. मी उत्तरं देतो."

"बरं. मग ज्यांना विचारता येतं त्यांनाच सांगतो."

भाऊंनी पेपर तोंडासमोर धरला. इथेच चुकलं!

पंधरा दिवसांनी त्यांच्या टेबलावर खासदारबाईंचा प्रश्न येऊन पडला. "रुळांवरील पादचारी पूल आठ महिने बंद आहे, हे खरे आहे काय? नसल्यास, या आठ महिन्यांत त्यावरून किती जण गेले?" दुसरी ओळ भाऊंनी दोनदा वाचली. असा हिशेब त्यांच्याच घरात मागितला जाई.

पूल बंद आहे हे त्यांना रोज सकाळी दात घासताना खिडकीतून दिसे. पण उत्तर खिडकीवरून लिहीत नाहीत, फाइलीवरून लिहितात. आणि फाइलीत ठेकेदाराचा शिक्क्यासकट दाखला होता की दुरुस्ती पूर्ण, पूल वापरात. भाऊंनी लिहिलं, "हे खरे नाही." किती जण गेले? "माहिती गोळा करण्यात येत आहे." इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण मंत्र्यांना उपप्रश्नांसाठी जोडून द्यायच्या टिपणात त्यांचा हात सैल सुटला. "खात्याचे एक अधिकारी तेथेच राहतात व पुलाशी चांगले परिचित आहेत." यात एक अक्षर खोटं नव्हतं!

सभागृहात बाई उठल्या. "मंत्रिमहोदय, त्या पुलावरून कुणी गेलंय का?"

मंत्र्यांनी टिपणावर नजर टाकली आणि ठणकावलं, "आमचा अधिकारी रोज जातो!"

"मग उद्या आमच्यासमोर जाऊ द्या."

"अवश्य जाईल!"

अधिकाऱ्यांच्या बाकावर भाऊंनी कपाळावर हात मारला. बाहेर पडतात तोच सचिवांनी गाठलं.

"उद्या दहाला चढा. आणि पडू नका! पडलात तर सभागृहाची दिशाभूल होईल."

घरी भाऊ कडाडले, "अण्णा, घरातली गोष्ट घरात बोलायची की सभागृहात?"

"घरात आठ महिने बोललो रे," अण्णा शांतपणे म्हणाले. "तिकडे पंधरा दिवसांत तू चढायला तयार झालास."

भाऊंनी पुन्हा पेपर तोंडासमोर धरला.

सकाळी दहाला पुलाखाली खासदारबाई, दोन वार्ताहर आणि घरून स्टूल आणून बसलेले अण्णा. कुलूप निघालं, भाऊ चढले. बारावी पायरी नव्हतीच. तेरावी होती, पण फक्त भाऊंनी पाय ठेवेपर्यंत! कठडा धरून, सरपटत, पँटचा गुडघा फाडून ते कसेबसे वर पोचले आणि पाहतात तो पलीकडे उतरायला जिनाच नाही! रुळांपलीकडे एक म्हातारा मात्र उभा होता, बगलेत बुद्धिबळाचा पट घेऊन, वर बघत.

खालून अण्णांचा वर्गातला आवाज आला. "पुलावर एक अधिकारी अडकला आहे, हे खरे आहे काय?"

सवयीचं वाक्य भाऊंच्या ओठांवर आलं. पण तो पलीकडचा म्हातारा हात हलवत होता. त्याला वाटलं, पूल सुरू झाला! भाऊंना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"खरं आहे!" ते ओरडले.

"असल्यास, कारणे काय?" बाईंनी विचारलं.

"पूल बंद आहे, बाई! आठ महिने बंद आहे! रोज दिसतो मला खिडकीतून! आता शिडी मागवा हो कुणीतरी!"

अग्निशमन दलाची शिडी दीड तासाने आली. दुसऱ्या दिवशी मंत्री सभागृहात चूक कबूल करणार होते आणि महिनाभरात पूल खुला करण्याचं आश्वासन देणार होते. ते निवेदन लिहायचं कुणी? अर्थात भाऊंनीच! सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून त्यांनी ते लिहिलं आणि निमूटपणे अण्णांपुढे धरलं. अण्णांनी चष्मा चढवून शेवटपर्यंत वाचलं.

"छान. पण पुलावरून किती जण गेले, ते राहिलंच की."

भाऊंनी कागद मागे घेतला आणि दात-ओठ खात खाली लिहिलं, "एक. तेही अर्ध्यापर्यंत."