दोन की अठरा

आमच्या इमारतीच्या फलकावर कुठलीही सूचना लागली की सावंत सर खिशातून लाल पेन काढतात आणि तिला कंस घालतात. 'उद्या पाणी व लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद' असं सेक्रेटरीने लिहिलं, तर सरांनी 'लिफ्ट दुरुस्तीसाठी' एवढ्याला कंस घालून खाली शेरा मारला, 'पाणी दुरुस्त होत नसते.' वर दहापैकी चार मार्क दिले.

सरांनी अंधेरीतल्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. मीही त्यांच्या हाताखालून गेलोय. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम, म्हणजे आमचं 'कंचेभागुबेव', ते असं म्हणायचे की आरतीच चाललीय असं वाटावं. अर्धा मार्क त्यांनी कधी कुणाला दिला नाही. सख्ख्या मुलीला एका कंसापायी सहामाहीत नापास केलं. ती अजून माहेरी आली की ऐकवते.

त्यांचे एकुलते एक दोस्त म्हणजे भानजी सर. वर्सोव्याचे कोळी, त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. रोज संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर बसायचे आणि दर रविवारी भानजींकडून सरांकडे ताजी मांदेली यायची.

मग शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कोडं टाकलं, १२ ÷ २(१ + २). आणि वाट लागली.

भानजींनी लिहिलं, अठरा. डावीकडून चला, बारा भागिले दोन सहा, सहा त्रिक अठरा. सर भडकले. "कंसाला चिकटलेला दोन म्हणजे 'चे'! आधी तिनाची दुप्पट, सहा. मग भागाकार. उत्तर दोन!" कॅल्क्युलेटरही अठराच सांगतो, असं भानजींनी कळवलं. त्यावर सरांनी लिहिलं, "विज्ञानवाल्यांनी बेडूक कापावेत." झालं, बोलणं बंद.

तीन रविवार मांदेली आली नाही. "तुमच्या त्या दोनापायी घरात मासळी नाही," काकू कुरकुरल्या. सर दुधी गिळत राहिले. किनाऱ्यावर जायचंही त्यांनी सोडलं. संध्याकाळी गॅलरीत नुसते बसलेले दिसायचे, आणि मला फार वाईट वाटायचं.

चौथ्या रविवारी सकाळी सर मोबाईल घेऊन माझ्या दारात उभे.

"ग्रुपवर लिही. अठरा बरोबर. सावंत चुकला."

"सर, पण कंचेभागुबेव?"

"उत्तर दोनच आहे रे. पण भानजीशिवाय मला करमत नाही. लिही तू, माझ्या बोटांनी ते टाइप होत नाही."

मी लिहिलं आणि त्यांच्याकडे चहाला गेलो. भानजींचं उत्तर येईना. सर दर मिनिटाला मोबाईल उघडून बघत होते. चहा तसाच गार झाला.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात भानजी. घामाघूम, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"काय होतंय रे तुला? छातीत दुखतंय? खाली रिक्षा थांबवलीय, चल आधी डॉक्टरकडे."

"मला काय धाड भरलीय?"

"तू चूक कबूल केलीस, सावंत! जन्मात कधी केली होतीस का?"

असं म्हणत त्यांनी ताप बघायला सरांच्या कपाळावर हात ठेवला. कुणी खांद्याला हात लावला तरी अंग चोरणारे आमचे सर. त्यांनी डोळे मिटले आणि तो हात दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवला.