भुजंगरावांचं नाक आणि मोसंबीची तोडणी

अंबडच्या त्या शाळेत भुजंगराव सरांच्या नाकाला मोठा मान होता. प्रार्थनेनंतर पोरांनी हात पुढं करायचे, सरांनी रांगेतून हुंगत जायचं आणि बिडी ओढणारा बराबर बाहेर निघायचा. शिक्षा एकच, शाळेमागच्या कडुलिंबाला पाणी घालायचं. इतक्या पोरांनी इतकं पाणी घातलं, की लिंब पार छपराच्या वर गेला आणि पोरं धंद्यापाण्याला लागली. त्यातलं कुणी बाजारात भेटलं, की आपणहून हात पुढं करायचं. सर हसायचे, पण त्यांचे डोळे भरून यायचे.

यंदा सरांचं नोकरीचं शेवटचं वर्ष आणि नेमका यंदाच दहावीच्या बाकाखाली व्हेप, म्हणजे वाफेची सिगारेट, सापडला. दिसायला पेनासारखा, त्याला ना धूर ना बिडीचा वास.

मुख्याध्यापिका कनिका मॅडम म्हणाल्या, "सर, आपले अध्यक्ष राधेश्यामशेठ मशीन देऊन राह्यलेत. मुतारीत कुणी वाफ सोडली की घंटा वाजते. तुम्ही आता उगी त्रास घेऊ नका."

सरांना हे फार लागलं. उभी हयात ज्या नाकावर काढली, त्याच्या जागी जाता जाता एक डबडं? "मशीन शनिवारी येऊन राह्यली ना? त्याच दिवशी मी पकडून दाखवतो. न्हाई सापडला, तर मशीनला हार मीच घालतो."

"जाता जाता हसं करून घ्याल," नंदाबाईंनी घरी बजावलं. पण बायकोचं ऐकतील तर ते भुजंगराव कसले!

व्हेपला फळांचा वास येतो, एवढं त्यांनी जालन्याच्या प्रशिक्षणात ऐकलं होतं. शनिवारी प्रार्थना झाली, राधेश्यामशेठ मशीनचं खोकं घेऊन मंचावर बसले आणि सरांनी फर्मान सोडलं, "हात पुढं. फळाचा वास आला की बाजूला."

पहिल्या हाताला मोसंबी. दुसऱ्याला मोसंबी. नववीच्या रांगेत तर मोसंबीशिवाय दुसरा वासच नाही. गावोगावी मोसंबीची तोडणी चाललेली, पोरं बागेतून थेट शाळेत येत होती, आणि हे नेमकं सरांच्या ध्यानातून गेलं होतं. बघता बघता निम्मी शाळा बाजूला उभी राहिली. कनिका मॅडमनी आपले हात हळूच पदराखाली घेतले.

"सर, तुमचा हात राह्यला," नववीतली शालू गरीब तोंड करून म्हणाली.

सरांनी आपला हात हुंगला. सकाळी नंदाबाईंनी सोलून दिलेली मोसंबी आठवली आणि तेही मुकाट्यानं बाजूला जाऊन उभे राहिले. मैदान हसून लोटपोट झालं.

राधेश्यामशेठही हसत खाली उतरले. हेही सरांचेच विद्यार्थी, लिंबाला सगळ्यात जास्त पाणी घातलेले. "जाऊ द्या सर, जमाना बदलून गेला. घ्या, माझा बी हुंगा." त्यांनी शाळेतल्यासारखा हात पुढं केला.

सरांना गहिवरून आलं. त्यांनी हुंगलं. मोसंबीच.

पोरं पुन्हा हसली. सर मात्र हसले नाहीत. त्यांना एकदम घनसावंगीची सहल आठवली. मोसंबीची एक फोड खाल्ली आणि राधेश्यामच्या अंगभर गांधी उठल्या. त्याला पाठीवर घेऊन सर दवाखान्यापर्यंत पळाले होते. त्यानंतर हा पोरगा मोसंबीला शिवलासुद्धा नव्हता.

"राध्या," सर त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाले, "तुला मोसंबी कधीपासून चालून राह्यली?"

शेठचा चेहरा उतरला. हात आपसूक खिशावर गेला. "सर, बिडी सुटावी म्हणून घेतल्ता. समोर रांगेत माझाच पोरगा उभा, माझीच शाळा. हितं नका बोलू."

सरांनी आता नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. नाक जिंकलं असतं, मशीन गेली असती. पण त्यांनी आजवर कुणाही पोराचं नाव चव्हाट्यावर आणलं नव्हतं. त्यांनी हळूच तळहात पसरला. पेनासारखी ती वस्तू शेठच्या खिशातून त्यांच्या खिशात आली.

"मॅडम, मी हरलो," सर मोठ्यानं म्हणाले. "हार आणा." आणि त्यांनी खोक्याला हार घातला.

सोमवारी मधल्या सुट्टीत राधेश्यामशेठ कडक इस्त्रीच्या कपड्यांत, बादली घेऊन लिंबाला पाणी घालताना दिसले. कनिका मॅडम भारावून गेल्या.

"एवढा मोठा माणूस, पण किती साधा. न्हाई का सर?"

"हाये खरं," भुजंगराव म्हणाले. "लिंबाला पाणी घालण्यात पहिल्यापासून त्याचा हात कुणी धरला न्हाई."