मामाचा पाईप आणि मतदाराचं मन

मतदाराचं मन मला काचेच्या बरणीसारखं आरपार दिसतं! मानसशास्त्रात बी. ए. आहे. शेवटच्या वर्षाला दोनदा बसलो, म्हणजे अभ्यासही दुप्पट. म्हणून आत्माराममामा तिसऱ्यांदा नगरसेवकपदाला उभा राहिला तेव्हा सूत्रं मीच हातात घेतली. आधी दोनदा तो आपटला होता. "यंदा पडलात तर राजकारण बंद! गुपचूप पिठाच्या गिरणीवर बसायचं," असं आशालतामामीने बजावलं होतं.

"मामा, मतदार डोक्याने मत देत नाही."

"मग कशाने देतो?"

"सवयीने! ज्या चेहऱ्याशेजारी सुख दिसतं, तो चेहरा आवडायला लागतो. आणि आपल्या सोसायटीत सुख म्हणजे काय?"

"पार्किंग?"

"टँकर!"

दुसऱ्या दिवसापासून मामा कडक इस्त्रीचा झब्बा घालून टाकीपाशी हजर. टँकर आला की पाईप स्वतः धरायचा. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे नमस्कार भुवयांनी करायचा. हळूहळू लोक विरघळले. फ्लॉसी आंटीने गरम पॅटिस दिले. तळमजल्यावरच्या कृष्णाबाई, मूळच्या गोखिवऱ्याच्या, म्हणाल्या, "तू धरलास का पानी पन गोड लागतं रे, बाबा!"

उलट समोरचा उमेदवार अल्पेश. पहाटेच रिक्षावर भोंगा लावून "तुमच्या सेवेसाठी!" असं इतकं ओरडायचा, की आमच्या मांजराने कायमचं घर सोडलं. त्याचं नाव काढलं तरी लोक खिडक्या लावून घ्यायचे.

"हा संपला!" मी मामाला म्हणालो. मामाने मिरवणुकीसाठी उघडी जीप सांगून ठेवली.

निकाल लागला. अल्पेश प्रचंड मतांनी विजयी! मामाचं डिपॉझिट जप्त! जीप आली होतीच, तिच्यातून मामीने त्याला थेट गिरणीवर नेऊन सोडलं.

मी तणतणत टाकीपाशी गेलो. "आंटी, मामा आवडत नव्हता तुम्हाला?"

"काय बोलतोस! सोन्यासारखा माणूस!"

"मग मत का नाही दिलंत?"

"अरे येड्या, निवडून आलेला माणूस पुन्हा दिसतो का कधी? मग पाईप कोण धरणार? अल्पेश?"

"पण त्याला तर तुम्ही शिव्या घालत होतात!"

"म्हणून तर दिलं! आता पाच वर्षं भोंगा बंद. तोंडसुद्धा दिसणार नाही."

कृष्णाबाईंनी समाधानाने मान डोलवली. "मागच्याला पन आमी असाच घालवला."

मी जे दोन वर्षांत शिकलो नव्हतो, ते या बायका बादल्या भरता भरता शिकल्या होत्या.

इतक्यात टँकर आला. मामा गिरणीवर. पाईप जमिनीवर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून पाईप मी धरतो. भुवयांचा नमस्कारही जमायला लागलाय. परवा फ्लॉसी आंटीने माझ्या तोंडात पॅटिस कोंबलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पुढच्या टायमाला तूच उभा राहा, बाबा. तुला तर आम्ही सगळे मिळून पाडू!"

मी चक्क लाजलो.