धुरीमामांच्या घरची बोंब

आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी साडेसातला कुणी जिवाच्या आकांताने किंचाळलं, तरी कुणी दार उघडून बघत नाही. चहा गाळता गाळता फार तर म्हणतात, "आज गुडघा दिसतोय." दूधवाला नवा होता तेव्हा पहिल्याच दिवशी पिशव्या जिन्यात टाकून पळाला होता. वॉचमनने त्याला गेटवर धरलं आणि सांगितलं, "अरे, झगडा नही है. मामा हाथ सीधा कर रहे हैं." दुसऱ्या दिवसापासून तोही सरावला.

हे मामा म्हणजे भिकाजी धुरी, आमच्या समोरच्या ब्लॉकमधले. मामा म्हणून ते कुणाचेच नाहीत. हॉस्पिटलातल्या वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात ना, तसले मामा. एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. आखडलेले हात-पाय धरायचे, उचलायचे, वाकवायचे. "डॉक्टर नुसते म्हणायचे, 'मामा, घ्या.' घेणारो मी!" हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. रिटायर होताना खात्याने शाल द्यायचं ठरवलं, तर म्हणाले, शाल नको, तो जुना कोनमापक द्या. दोन स्टीलच्या पट्ट्या आणि मध्ये आकड्यांची चकती. सांधा कुठवर वळतो ते त्याने मोजतात. इतर म्हातारे खिशाला पेन लावतात, हे तो लावतात.

त्या कोनमापकाने मुलुंड पूर्वेतल्या माणसांची लाज काढली आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलाच्या लग्नात नवी नवरी पाया पडायला वाकली, तर हे आहेर द्यायचे सोडून म्हणाले, "चाळीस डिग्री. कंबर धरलीय, नायतर सासू आवडली नाय." सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाला हात वर झाले की हे मत मोजत नाहीत, खांदे मोजतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, सांधे राहतात. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांना भर जिन्यात "ओ उजवा गुडघा!" अशी हाक मारतात, आणि ते "आलो, आलो" म्हणत जातात. गरज माणसाला काय काय करायला लावते.

घर म्हणजे तर बघायलाच नको. दाराच्या चौकटीला कप्पी, कप्पीतून दोरी आणि दोरीच्या दोन्ही टोकांना मुठी म्हणून एक लाटणं मधोमध कापून बांधलेलं. खोलीच्या मधोमध स्टूल. स्टुलासमोर लोखंडी कपाटाचा उभा आरसा. मामा पाठीमागे उभे राहून हात धरणार आणि आपण आरशात आपलंच तोंड बघायचं. वर मामींचा हार घातलेला फोटो, खाली बारीक अक्षरांत 'कै. इंदुमती भिकाजी धुरी'. दार सताड उघडं. आणि नियम एकच, "दुखला की बोंब मारायची. लाजायचा नाय. बोंब नाय, तर हात नाय."

मी म्हणायची, ह्या माणसाच्या घरी बारा महिने शिमगा. जळलं मेलं लक्षण.

आणि मग माझाच डावा खांदा धरला.

मी घरगुती डबे करते. पस्तीस डबे, रोज. एके दिवशी वरच्या फळीवरचा रव्याचा डबा काढायला हात वर केला तो अर्ध्यातच अडकला. मग वेणी घालता येईना, ब्लाउजात हात जाईना, दिवसभर गाऊनवर वावरायची पाळी. आमचे हे मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले, "बाम लाव." ह्यांच्याकडे सगळ्यावर बाम. माझी आई गेली तेव्हासुद्धा रडून रडून डोकं दुखतंय म्हटलं, तर बामच पुढे केला होता. स्टेशनजवळच्या एसी क्लिनिकात गेले. तिथल्या मुलीने खांद्याला कसलंसं मशीन चिकटवलं, "आंटी, रिलॅक्स" म्हणाली आणि शेजारच्या खोलीत जाऊन मैत्रिणीशी गप्पा मारत बसली. दोन महिन्यांनी हात होता तिथेच. डब्याची गिऱ्हाइकं मात्र गळायला लागली. हात सुटला नाही तर चूल बंद, हे मला स्वच्छ दिसत होतं. झक मारत समोरचं दार गाठलं.

"डावा खांदा!" मामा दारातच म्हणाले. नाव गेलंच माझं, त्या दिवसापासून.

कोनमापक लावला. सत्तर डिग्री. पूर्ण हात वर जायला एकशेऐंशी लागतात. मामांनी एक हात खांद्याच्या पात्यावर ठेवला, दुसऱ्याने कोपर धरून हात वर न्यायला लागले. ती कळ काय सांगू! डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण मी ओठ दाताखाली धरला आणि गप्प बसले.

मामांनी हात खाली आणला. "घरी जा."

"का?"

"बोंब मारलंस नाय."

"नाही मारणार. आमच्या माहेरी बायका बाळंतपणातसुद्धा आवाज काढत नाहीत. शेजाऱ्याला कळता कामा नये."

"मग माहेराक जाऊन खांदो सोडव," मामा म्हणाले आणि दाराकडे बोट दाखवलं.

तीन दिवस आमचं हेच चाललं. चौथ्या दिवशी मी शहाणी झाले. कळ यायच्या आधीच हळूच "आई गं" म्हणून टाकलं. मामा भडकले. "ही बोंब? देवळात घंटा वाजवल्यासारखी? खरी मार!" तेवढ्यात उजवा गुडघा आत आला आणि म्हणाला, "बाई, मारून टाका एकदा. मी माझ्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर गप्प बसा म्हणून सांगितलं, आणि आता रोज सकाळी स्वतः भोकाड पसरतो." मला त्या माणसाची कीव आली, मामांचा राग आला आणि माझी स्वतःची लाज वाटली.

शेवटी तडजोड झाली. मी बोंब मारणार नाही, पण तोंड वाकडं करीन. मामा आरशात माझ्या तोंडाकडे बघणार आणि ते वाकडं झालं की थांबणार. बघायचेही असे, की हाताकडे नजरच नाही. घरी पाण्याने भरलेला तांब्या हातात धरून ओणवं उभं राहायचं आणि हात सैल सोडून हलवायचा, हा अभ्यास. महिनाभरात पंच्याण्णव डिग्रीवर आले. वेणी नाही, पण अंबाड्याला पिन लागायला लागली.

आणि मग मला घाई झाली. संकष्टीच्या उपासाच्या साठ डब्यांची ऑर्डर आली होती, आणि मामा तर वाटाण्याएवढं तोंड वाकडं झालं की थांबायचे. अशाने माझा हात पुढच्या जन्मी वर जाईल! त्या सकाळी मामा फडकं आणायला आत गेले तेव्हा मी स्टूल फिरवलं. तोंड भिंतीकडे, पाठ आरशाकडे. मामा आले. "ह्यां काय?" म्हणाले. मी म्हटलं, "रोज रोज स्वतःचं थोबाड बघून कंटाळा आला. दुखलं तर सांगीन की."

मामा घुटमळले. मग हात धरला.

शंभर. एकशेपाच. मी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होते. एकशेदहा. जीव कासावीस झाला, पण म्हटलं, आज सोडायचं नाही. मामांचा आवाज खुलत गेला. "अरे वा! गप आसा म्हणजे सुटता हा! एकशेपंधरा! एकशेवीस! बघ गो, बघ, सुटलो तुझो खांदो!" आणि कौतुकाने ते माझ्यासमोर आले.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. गाऊनचा पुढचा भाग भिजला होता.

मला वाटलं, ओरडतील. ओरडलेच. पण असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तोंड आसा ना तुका? जीभ आसा? मग सांगूक काय झाला? देवान जीभ दिली ती कित्याक?" बोलता बोलता ते जमिनीवरच बसले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पाय पसरून, कोनमापक हातात घेऊन. मी घाबरले. पाणी आणून दिलं. ते त्यांनी बाजूला ठेवलं.

मामींना लकव्याने घेतलं होतं, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. चार वर्षं त्या अंथरुणावर होत्या. मामांनी नर्स ठेवली नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांचा एकेक सांधा स्वतः हलवायचे, आखडू नये म्हणून. आणि जिन्यात सगळ्यांना सांगायचे, "आमची मंडळी हूं की चूं करीत नाय. खांदो बघा, पुरो वर जाता!" मीच म्हटलं होतं, बाई असावी तर अशी. रोज सकाळी त्यांच्या गॅलरीतल्या दोरीवर उशीचा एक अभ्रा वाळत असायचा, तो मी आमच्या ह्यांना दाखवायची. "बघा जरा. बायकोची लाळ गळते तर रोज अभ्रा धुतो तो माणूस."

"तिचा तोंड भिंतीकडे," मामा सांगायला लागले. "पलंगच तसो होतो. मी पाठीमागून हात धरी आणि ओढी. ती गप. माका वाटला, दुखत नाय."

मग एकदा त्यांच्या जुन्या खात्यातली एक शिकाऊ मुलगी घरी आली. मामांनीच बोलावली होती, आपलं काम दाखवायला. मुलीने मामींच्या खांद्यावर बोट ठेवलं आणि तिचं बोट आत गेलं. हाड खोबणीतून खाली उतरलं होतं. निर्जीव खांदा ओढायचा नसतो, त्याला खालून आधार द्यायचा असतो. हे खात्यातल्या नव्या मुलांनाही ठाऊक होतं. मामांनी आखडलेले खांदे ओढण्यात जन्म घालवला, त्यांनी हाही तसाच ओढला.

"पोरगी पुढे गेली, तिच्या तोंडासमोर बसली. म्हणाली, 'मामी, दुखत असेल तर डोळे मिटा.'" मामांनी कोनमापक जमिनीवर ठेवला. "चार वर्षांत मी असा कधी इचारूक नाय. इचारूचा सुचलाच नाय. तिने डोळे मिटले. मिटले ते किती वेळ उघडूकच नाय."

मी गाऊनचा भिजलेला भाग मुठीत धरला.

"ती लाळ नव्हती गो," मामा म्हणाले. "मी रोज अभ्रो बदली आणि वर गावभर सांगी."

दोन महिन्यांनी मामी गेल्या. तेरावं झाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आईचा हात उपटलात," आणि बोरिवलीला निघून गेला. दिवाळीला फोन करतो. "खोटा नाय बोललो तो," एवढंच मामा म्हणाले. मग भिंतीला धरून उठले. "उद्यापासून येव नको. त्या एसीत जा."

मी घरी आले. साठ डब्यांचा साबुदाणा भिजत घातला. तो अभ्रा दोरीवर हलताना मी चार वर्षं बघितला होता, आणि त्याचा उपयोग काय केला, तर नवऱ्याला टोमणा मारायला. शेजारधर्म म्हणतात तो हाच असावा. त्या बाईसमोर पाच मिनिटं जाऊन बसले असते, तर काय माझे डबे नासले असते? नाही गेले. आजारपण बघवत नाही, असं म्हणायची मी. बघवत नाही म्हणे!

दुसऱ्या दिवशी साडेसातला बिल्डिंग गप्प होती. मामांचं दार पहिल्यांदाच बंद दिसलं. मी बेल दाबली. दाबतच राहिले. दार उघडलं तशी त्यांना बाजूला सारून आत गेले, स्टूल स्वतः आरशासमोर ओढलं आणि बसले.

"लावा हात."

"सांगितला ना तुका—"

"मामा, लावा हात. दार उघडं राहू दे."

ते माझ्यामागे येऊन उभे राहिले. मग कोपराखाली त्यांचा हात आला. ऐंशी. नव्वद. नेहमी मोठ्याने मोजतात, त्या दिवशी पुटपुटत होते. पंच्याण्णवला कळ आली, आणि मी तोंड उघडलं.

मला वाटलं होतं, 'आई गं' निघेल. पण काय निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही. दोन बाळंतपणं, तीस वर्षांचा बाम, सगळं त्या एका आवाजात गेलं असावं. जिन्यात धडाधड दारं उघडली, जी एरवी उघडत नाहीत. आमचे हे बनियनवर धावत आले, पायात एकच चप्पल. "काय झालं गं? काय होतंय तुला?" हे वाक्य ह्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं होतं, मला आठवेना.

मामा मात्र पहिल्या आवाजालाच थांबले होते. माझा हात त्यांनी खालून दुसऱ्या हाताचा आधार देत, अगदी सावकाश खाली आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. खांद्यावरून हात फिरवला. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. माझ्याकडे ते बघत नव्हते.

"सोडलंय गो इंदू, सोडलंय," मामा म्हणाले. "सांगितलंस बरा केलंस. आता दुखत नाय ना?"

माझं नाव मंगल आहे. मी म्हटलं, "नाही दुखत आता."